पाच मिनिटांचा परदेश

‘व्हिसा लागत नाही’ एवढं कानावर पडलं की आपल्याकडच्या माणसाची निम्मी बॅग भरून होते. तिथे बघायला काय आहे, खायला काय मिळतं आणि मुळात जायचं कशाला, हे प्रश्न मागाहून येतात. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना तीस दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा माफ केला आणि पुढे ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवली. तेव्हापासून सिंगापुरातल्या मराठी घरांत, त्यातही जिथे गावाकडून आईबाबा येऊन राहिलेत अशा घरांत, रविवारच्या पोह्यांबरोबर एक नवा विषय येऊ लागला आहे. जायचं की नाही, यावर वाद नसतो. ‘सिंगापूर-मलेशिया करून आलो’ हे सांगलीत सांगायला नुसत्या सिंगापूरपेक्षा भारदस्त वाटतं, यावर दोन्हीकडच्या व्याह्यांचं एकमत असतं. वाद सुरू होतो तो पुढे. गाडीने जायचं की बोटीने?

बरं, वाद घालण्याजोगं अंतर तरी असावं! सिंगापूरच्या उत्तर टोकाला वूडलंड्सच्या समुद्रकाठच्या बागेत उभं राहिलं की समोर मलेशियातलं जोहोर बारू दिसतं. नुसतं दिसत नाही, तर पलीकडच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे ओळखू येतील की काय, अशी शंका येते. मधे जोहोरची सामुद्रधुनी आणि तिच्यावर जेमतेम एक किलोमीटर लांबीचा कॉजवे. रोज काही लाख माणसं तो ओलांडतात. कुणी कामाला, कुणी किराणा आणायला, कुणी केस कापायला. एका सिंगापूर डॉलरला तीनाहून जास्त रिंगिट मिळत असल्यामुळे तिकडे जाऊन केस कापणं इथल्या हिशोबी लोकांना परवडतं. मला डोक्यावर तेवढं भांडवल उरलेलं नाही, म्हणून तो मुद्दा आमच्या चर्चेत आला नाही.

आमच्या घरात मी गाडीच्या पक्षाचा. रेल्वेत नोकरी केली नाही, पण उभा जन्म मिरज जंक्शनच्या आसपास गेला की रूळ रक्तात येतात. सौ. बोटीच्या पक्षाची. तिचे आजोबा मुंबईहून रत्नागिरीला आगबोटीने जायचे. त्या प्रवासाच्या गोष्टी तिने लहानपणी इतक्या ऐकल्या आहेत की बोट हे तिला माहेरचं वाहन वाटतं. मुलगी तटस्थ. जावयाचं मत कुणी विचारलेलं नाही. त्याने फक्त मोबाइलवर बुकिंग करायचं. शेजारच्या इमारतीतले एक मराठी गृहस्थ मात्र न बोलावता तिसरा पक्ष घेऊन येतात. ‘बसने जा,’ ते म्हणतात. बसने जायचं म्हणजे वूडलंड्सच्या चौकीवर उतरा, रांगेत उभे राहा, पुन्हा बसमध्ये चढा, कॉजवे ओलांडा, पुन्हा उतरा, पुन्हा रांग. एवढी चढउतार करायला गुडघे लागतात, आणि तसले गुडघे असते तर आम्ही गाडी-बोट करत बसलो असतो कशाला?

तेव्हा आधी गाडी. मलेशियाच्या केटीएम रेल्वेची ‘शटल तेब्राऊ’ ही गाडी २०१५ पासून वूडलंड्स ते जोहोर बारू सेंट्रल अशी धावते. प्रवास पाच मिनिटांचा. तिकीट वूडलंड्सहून जाताना पाच सिंगापूर डॉलर आणि जोहोरहून येताना पाच रिंगिट. म्हणजे डबे तेच, रूळ तेच, आकडाही तोच, पण जाण्यापेक्षा येणं तिपटीहून स्वस्त. हे मी गाडीच्या बाजूचा मुद्दा म्हणून कौतुकाने सांगितलं. सौ. म्हणाली, “मग नुसतं येऊच या की. जायचं कशाला?” व्यवहार म्हणून बघितलं तर तिचं बरोबर होतं, आणि भूगोल म्हणून तिला काय उत्तर द्यावं ते सुचेना.

या गाडीची खरी गंमत पासपोर्टची आहे. जाताना दोन्ही देशांची तपासणी वूडलंड्सलाच होते. एका खिडकीवर सिंगापूर तुम्हाला सोडतं आणि चार पावलांवर मलेशिया तुम्हाला आत घेतो. मग तुम्ही फलाटाच्या दिशेने निघता. पाय सिंगापुरात, पासपोर्ट मलेशियात, आणि गाडी अजून सुटलेलीच नाही. अशा अवस्थेत माणसाने आपण नक्की कुठे आहोत हा विचार करू नये, पिशव्या मोजाव्यात.

पूर्वी तर याहून बहार होती. १९३२ सालचं तांजोंग पगार स्टेशन सिंगापूरच्या ऐन शहरात, पण रेल्वे मलेशियाची. दोन्ही देशांच्या चौक्या तिथेच होत्या. १९९८ मध्ये सिंगापूरने आपली चौकी वूडलंड्सला नेली आणि मलेशियाने आपली हलवायला नकार दिला. त्यामुळे जाणारा प्रवासी तांजोंग पगारला आधी मलेशियात प्रवेश करायचा, मग सगळं सिंगापूर खिडकीतून बघत वूडलंड्सला यायचा आणि तिथे सिंगापूर सोडायचा. म्हणजे निघण्याच्या आधीच पोचलेला! दोन सरकारांनी मान ताठ ठेवली की मधल्या माणसाला असं दोन ठिकाणी राहावं लागतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. हा प्रकार तब्बल तेरा वर्षं चालला. ३० जून २०११ च्या रात्री तांजोंग पगारहून शेवटची गाडी सुटली, आणि ती चालवायला इंजिनात कोण होतं? साक्षात जोहोरचे सुलतान इब्राहिम. हेच सुलतान २०२४ मध्ये मलेशियाचे राजे झाले. रेल्वेत इतकी वरची बढती मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

गाडीचा पक्ष असा भक्कम आहे. त्यात खोट एकच, ती पाच मिनिटांची. या पाच मिनिटांसाठी घरून निदान दोन तास आधी निघावं लागतं. वूडलंड्सची ही चौकी एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनला लागून नाही, त्यामुळे एमआरटीतून उतरून पुढे बस. गाडी सुटण्याच्या आधीच गेट बंद होतं, म्हणून लवकर पोचा. लवकर पोचलात तर आधी पोचलेल्यांची रांग असतेच. शनिवार-रविवारची तिकिटं कधीच संपलेली असतात. एवढं सगळं पार करून माणूस जागेवर बसतो, खिडकीतून पाणी दिसतं, तो ‘अहो, समुद्र!’ म्हणतो, आणि बाकीचे उतरायला उभे राहिलेले असतात.

सौ.चा मुख्य आक्षेप इथेच आहे. तिच्या मते ज्यात डबा उघडता येतो तो प्रवास. बाकी सगळं जाणं-येणं. ही व्याख्या कोणत्याही वाहतूक खात्याने केलेल्या व्याख्येपेक्षा बरी आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस असो की लाल एसटी, गाडी सुटून जरा वेग घेते न घेते तोच कुठेतरी स्टीलच्या डब्याचं झाकण करकरतं, लसणीच्या चटणीचा वास सुटतो आणि त्या क्षणी आपण खऱ्या अर्थाने निघालेलो असतो. सिंगापूरच्या एमआरटीत खाल्लं-प्यायलं तर दंड आहे, पाटीवर पाचशे डॉलरचा आकडाच लिहिलेला असतो. बसमध्येही तेच. आणि ज्या गाडीत डबा उघडण्याचा विचार आपण करणार, ती पाच मिनिटांत परदेशात पोचवून मोकळी होते. पहिल्या घासाला देश संपतो. “तुमच्या गाडीत माणूस उपाशी पोहोचतो,” असा तिने निकाल दिला. पाच मिनिटांत कुणी उपाशी राहत नाही, हे म्हणण्यात अर्थ नव्हता. प्रश्न भुकेचा नव्हताच.

आता बोट. बोटीने परदेशी जायचे सिंगापुरात बरेच मार्ग आहेत, पण ‘व्हिसा नको’ ही चाळणी लावली की थोडेच उरतात. सगळ्यात जास्त बोटी जातात इंडोनेशियातल्या बातामला. प्रवास साधारण तासाभराचा आणि बातामचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे, त्यामुळे माणूस नऊला निघतो आणि नऊच्या सुमाराला पोचतो. माझ्या मनात हे फार भरलं. गेलेला तास परत मिळण्याची सोय आमच्या वयाच्या माणसांना एरवी कुठे मिळते? पण येताना तोच तास सव्याज कापून घेतात. शिवाय आमच्या पासपोर्टला तिथे उतरल्यावर पैसे भरून व्हिसा घ्यावा लागतो. जावयाला सिंगापूरचं कायम वास्तव्य आहे, त्याला तिथल्या छोट्या भेटीपुरता तो माफ. एकाच बोटीतून उतरून सासरे पैशाच्या रांगेत आणि जावई बिनपैशाच्या, हे चित्र काही बरं दिसेना. बाताम बाद.

उरला मलेशियाच. ताना मेरा फेरी टर्मिनलहून देसारूला वातानुकूलित बोट जाते, दीड तासाची. (ताना मेरा नावाच्या एमआरटी स्टेशनवर उतरलात तर फेरी टर्मिनल तिथे नाही, पुढे बसने जावं लागतं. दोन्हींचं नाव एकच ठेवण्यामागे प्रवाशाला थोडा जास्त प्रवास घडावा असाच उदात्त हेतू असावा.) पण देसारू म्हणजे रिसॉर्ट. तिथे जाऊन राहायचं, पोहायचं, आराम करायचा. आराम करायला पैसे मोजायचे, ही कल्पना निवृत्त माणसाला समजावून सांगणं अवघड आहे.

वाद असा अडकल्यावर मी इतिहास काढला. खरं तर गाडी की बोट, हा प्रश्न इथे शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे. सिंगापूरची रेल्वे १९०३ मध्ये वूडलंड्सच्या किनाऱ्यापर्यंत आली. पलीकडची जोहोरची रेल्वे १९०९ मध्ये पूर्ण झाली. मधे पाणी. माणसं गाडीतून उतरून बोटीने पार व्हायची आणि पलीकडे दुसऱ्या गाडीत बसायची. मालाचे डबे तर तसेच तराफ्यांवर चढवून पार करायचे. त्या काळी गाडी की बोट असा वादच नव्हता. गाडीच बोटीत बसायची. पुढे मलायातल्या रबराचा आणि कथलाचा व्यापार वाढला, तराफे रात्रंदिवस चालवूनही पुरेनात, तेव्हा सरकारने समुद्रात दगड टाकून कॉजवे बांधला. १९२३ मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या, २८ जून १९२४ रोजी थाटात उद्घाटन झालं आणि फेरी हरली. हे सगळं मी जेवताना सांगितलं.

“एवढा दगड आणला कुठून?” सौ.ने विचारलं.

“थोडा बुकित तिमाहच्या खाणीतून. बाकीचा पुलाऊ उबिन बेटावरून.”

“बेटावरून? कशाने?”

“बोटीने,” मी म्हणालो.

ती पुढे काही बोलली नाही. माझ्या वाटीत आणखी थोडी आमटी वाढली.

त्या पुलाऊ उबिनच्या समोर, सिंगापूरच्या पूर्व टोकाला, चांगी पॉइंटचा धक्का आहे. तिथून मलेशियातल्या पेंगेरांगला बमबोट जाते. कडेला जुने टायर बांधलेली, लाकडी, डिझेलचा वास येणारी, बारा माणसांची बोट. तिचा नियम असा की बारा प्रवासी झाले की सुटायचं. वेळापत्रक नाही. ज्या शहरात पुढची एमआरटी किती मिनिटांत येणार हे फलकावर लिहिलेलं असतं आणि ती तेवढ्या मिनिटांत येते, त्या शहराच्या एका कोपऱ्यात आपलं कोल्हापूरकडचं वडाप जिवंत आहे! तेच ते ‘सीट भरली की निघू’, तेच चालकाचं बोटांवर माणसं मोजणं आणि तीच आधी आलेल्यांच्या चेहऱ्यावरची वाट बघण्याची कळा. फरक एवढाच की या वडापला पासपोर्ट लागतो.

आम्ही पोचलो तेव्हा आठ माणसं झाली होती. जावई-मुलीसकट आम्ही चौघे, म्हणजे बारा. मी मनातल्या मनात हा हिशोब करून खूश होतो आहे तोच बोटवाल्याने आठांपैकी दोघांकडे बोट दाखवून मान हलवली. ते नुसते सोडायला आलेले होते. मग एक सायकलवाला आला. त्याची सायकल वेगळे पैसे देऊन बोटीत चढते, पण माणसांत धरत नाहीत. अकरा. बोटवाला प्लॅस्टिकच्या पिशवीतली कॉफी नळीने ओढत शांत बसला. त्याला घाई नव्हती. घाई असणाऱ्यांसाठी सोय होती : रिकाम्या जागेचे पैसे सगळ्यांनी मिळून भरले तर बोट लगेच सुटते. ही सोय जावयाने आम्हाला समजावून सांगितली. एका सीटचे पैसे अकरा जणांत वाटले तर माणशी दीड डॉलरही पडत नव्हता. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी समोरच्या बेटाकडे पाहिलं. सायकलवाल्याने टायरमधली हवा दाबून पाहिली. आणि या आंतरराष्ट्रीय शांततेत डब्याचं झाकण करकरलं.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं गोड लोणचं. बोट सुटलेली नव्हती, देश बदललेला नव्हता, आणि सौ.चा प्रवास सुरूसुद्धा झाला होता. तिने सायकलवाल्याला एक दशमी दिली. तो चिनी वंशाचा पोरगा. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, चटणीचा पहिला घास घेतला आणि डोळे पुसत पाण्याची बाटली शोधू लागला. तेवढ्यात एक बाई खोका सांभाळत धक्क्यावर आल्या. अकरा माणसं एकदम उठून उभी राहिलेली बघून त्या बिचाऱ्या दचकून मागे सरल्या. आपली इतकी आतुरतेने वाट पाहिली जाते आहे, असं त्यांच्या घरीही बहुधा कधी झालं नसावं.

पुढचा पाऊण तास सुखाचा गेला. इंजिनाच्या आवाजात काही बोलता येत नाही, हा बमबोटीचा मोठा गुण आहे आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख असायला हवा. चांगीच्या विमानतळावर उतरणारी विमानं डोक्यावरून जात होती. त्यांतल्या कुणाला आपल्याखाली बारा माणसं, एक सायकल आणि एक डबा मलेशियाला निघालेत याची कल्पना नव्हती. पेंगेरांगला उतरलं की टॅक्सीने सुंगाय रेंगितला जातात. सिंगापूरकर तिथे खास शेवंडी खायला जातात. आम्ही शाकाहारी. शेवंडींच्या काचेच्या टाक्यांसमोर उभं राहून फोटो काढले, बिनअंड्याचा फ्राइड राइस मिळवला, वरून ओतून फेसाळलेला तिकडचा चहा, तेह तारिक, प्यायलो आणि परत धक्क्यावर येऊन बारा माणसं होण्याची वाट बघत बसलो.

आम्ही गाडीनेही गेलो. माझ्या पक्षाची बाजू मांडायला नको का? जोहोर बारू सेंट्रलला उतरलं की पुलावरून थेट मॉलमध्येच शिरतो आपण. पलीकडे काचेचं कालीमंदिर आहे, भिंतींपासून छतापर्यंत काचांचे तुकडे जडवलेलं, डोळे दिपवणारं. केळीच्या पानावर जेवण मिळतं. मुलीने महिन्याचा किराणा भरला. सगळं वेळेत झालं, सुटसुटीत झालं, काही उणं म्हणून नाही. पण सांगलीला फोनवर व्याह्यांना ती सहल सांगायला गेलो तर दोन मिनिटांत संपली. बोटीची सांगायला घेतली, ती अजून बाराव्या बाईपर्यंतच आली आहे.

आता कागदांचं. व्हिसा लागत नाही म्हणजे कागद लागत नाही, असा अर्थ कुणी काढू नये. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. सिंगापूरला परत शिरताना पाहुण्यांनी सिंगापूरचंही तसंच कार्ड पुन्हा भरायचं. आणि मुख्य म्हणजे मलेशियाला जायला व्हिसा लागत नसला तरी मलेशियाहून परत यायला सिंगापूरचा लागतो. आपल्या सिंगापूर व्हिसावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश आहे ना, एवढं निघण्याआधी चष्मा लावून बघावं. नाहीतर पाच डॉलरच्या तिकिटावर माणूस तिकडे जातो हौसेने, आणि मुलीच्या घरी परत यायचं कसं, याची चौकशी तिकडून करत बसतो.

या सगळ्यावर आता नवा उपाय येतो आहे. वूडलंड्स नॉर्थ ते जोहोर बारूचं बुकित चागर अशी चार किलोमीटरची आरटीएस रेल्वे बांधली आहे. सामुद्रधुनीवर उंच पूल, तासाला एका दिशेने दहा हजार माणसं, दोन्ही देशांची तपासणी निघतानाच एका जागी. ती रुळली की शटल तेब्राऊ बंद होणार. पाच मिनिटांचा प्रवास पाचच मिनिटांचा राहील, फक्त त्याच्या आधीचे दोन तास जातील. रोज कामावर जाणाऱ्यांचा तिला मोठा दुवा मिळेल, यात शंका नाही. सौ.ला मी हे सगळं आकड्यांसकट सांगितलं. “म्हणजे आता वाट बघतानासुद्धा डबा उघडायला नको,” ती म्हणाली.

तरी गाडी की बोट, याचं उत्तर एव्हाना मला सापडलं आहे, आणि पक्ष न सोडता देतो. तिकडे काही काम असेल तर गाडीने जावं. काम नसेल तर बोटीने. आता ‘व्हिसा लागत नाही’ म्हणून निघालेल्या माणसाला तिकडे काम काय असणार? व्हिसाच्या अर्जात ‘कशासाठी येताय’ असा रकाना असतो. व्हिसा गेला तसा तो अर्जही गेला आणि आमच्यासारख्यांची मोठी अडचण टळली. आगमनाच्या कार्डात कसे येताय तेवढं मात्र निवडावं लागतं : विमानाने, रस्त्याने की समुद्राने. जावई मोबाइल घेऊन बसला की तो या रकान्याशी येऊन थांबतो आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंना विचारतो.